ससाण्याचा रकाना

पाणटिवळे मोजताना उज्ज्वला तांडेल श्वाससुद्धा बेताने घेत असे. डोळ्यांनी दहांचा एक गट उचलायचा, मुठीतल्या मोजणी-खटक्याची कळ अंगठ्याने दाबायची, पुढच्या दहांवर सरकायचं. मध्येच थवा उडाला तर झालेली मोजणी सोडून द्यायची, खटका शून्यावर आणायचा आणि पक्षी पुन्हा उतरले की पहिल्यापासून सुरुवात. एकोणीस वर्षं हाच नियम होता.

भाद्रपद लागला होता. पावसाने उघडीप दिली की ऊन कातडीला चटका देत होतं. मिठेलच्या खाडीत उत्तरेचे पाहुणे उतरू लागले होते. छातीवरचा विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून पुरता न पुसलेले पाणटिवळे, बाकदार चोचीचे कुरल, मुठीत मावतील एवढेसे टिलवे. चिखलातले किडे टिपायला हजारो किलोमीटर तोडून आलेले. आणि त्यांच्या मागोमाग त्यांना टिपणारे. दलदलीवरून संथ तरंगत जाणारा भोवत्या कालच दिसला होता. आज सकाळी खाडीच्या तोंडाशी वाळलेल्या सुरूच्या शेंड्यावर एक बहिरी ससाणा येऊन बसला होता. उज्ज्वलाने त्याचीही नोंद केली होती. नऊ वाजून पाच मिनिटं.

तिचं मचाण खारबंधाऱ्यावर होतं. मचाणाच्या खांबाला पिवळा झेंडा लावलेला. समोर तीनशे मीटरवर, खाडीच्या मधोमध, ओहोटीला वाळूचा एक लांबट पट्टा उघडा पडत असे. गावात त्याला जुवा म्हणत. जुव्याचं उत्तर टोक पक्ष्यांचं, दक्षिणेकडचा भाग तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांचा. पिवळा झेंडा वर असेपर्यंत बायकांनी उत्तरेकडे पाऊल टाकायचं नाही, हा करार उज्ज्वलाने तिच्या थोरल्या बहिणीशी केला होता. मोजणी संपल्याशिवाय तो झेंडा आजवर कधी उतरला नव्हता.

थोरली बहीण म्हणजे येसूअक्का. आई गेली तेव्हा उज्ज्वला सहा वर्षांची होती आणि अक्का तेवीसची. खाडीतल्या तिसऱ्यांवर अक्काने तिला वाढवलं, शिकवलं, प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर केलं. आज जुव्यावर बावीस बायका वाकलेल्या होत्या. त्यांत सगळ्यांत वयस्क अक्का. मिठेलच्या बायकांची एक रीत होती. जी थोरली, तिने आपली पाटी, म्हणजे टोपली, पालथी घातली की त्या ओहोटीचं काम संपलं. मग कोणाची पाटी अर्धी असो की रिकामी, सगळ्यांनी उठायचं. आणि एकदा पालथी घातलेली पाटी त्या ओहोटीला पुन्हा सुलटी करायची नाही.

नऊ चाळीसला थवा उठला.

उज्ज्वलाच्या खटक्यावर सहाशे सत्तर होते. डोळ्यांसमोरचा सगळा जुवा एकदम वर उचलला गेल्यासारखा वाटला. पाणटिवळे, कुरल, टिलवे, सगळे एका झटक्यात. तिने सवयीने सुरूच्या शेंड्याकडे दुर्बीण फिरवली. ससाणा जागेवर नव्हता.

'शिकार,' तिने मनात म्हटलं आणि खटका शून्यावर आणला.

मग तिला तो दिसला. थव्याच्या वर नव्हता, खालीही नव्हता. थव्याच्या बाजूने, त्यांच्याच दिशेने, पंख जोरजोरात मारत तो पूर्वेला चालला होता. त्याच्या पंजापासून दोन हातांवर एक टिलवा उडत होता. ससाण्याने मान वळवली नाही. टिलव्यानेही रस्ता बदलला नाही. दोघं तिच्या डोक्यावरून गेले, बंधारा ओलांडून, भातशेती ओलांडून, वाडीमागच्या सड्याच्या, उंच कातळपठाराच्या दिशेने.

एकोणीस वर्षांत तिने खाणारा आणि खाद्य असे शेजारी शेजारी पळताना पाहिले नव्हते.

भोंगा वाजला नाही.

तो का वाजला नाही, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

चार वर्षांपूर्वी 'थवासूचक' यंत्रणा किनाऱ्यावर आली होती. तिच्यामागचं विज्ञान साधं होतं. समुद्रात दूर काही मोठं घडलं, वादळ फिरलं किंवा तळाचा उतार घसरला, की त्यातून अतिशय खोल स्वराचा आवाज निघतो. सेकंदाला वीस कंपनांच्याही खालचा. तो माणसाला ऐकू येत नाही, पण शेकडो किलोमीटर जातो, आणि पाण्याच्या लाटेपेक्षा कितीतरी आधी पोचतो. पक्ष्यांना तो जाणवतो. मग पक्ष्यांनाच पहारेकरी का करू नये? हजारो पाणटिवळ्यांच्या आणि कुरलांच्या पाठीवर पाऊण ग्रॅमची चकती चिकटवली गेली. थवा अवेळी उठला की चकत्या कळवणार, यंत्रणा कारण ठरवणार आणि धोका वाटला तर खाडीकाठचा भोंगा वाजवणार.

पहिल्या वर्षी भोंगा मिठेलला अकरा वेळा वाजला. अकराही वेळा ससाणा होता. अकराही वेळा बायका अर्ध्या पाट्या टाकून चिखलातून धावल्या. अकराव्या भोंग्यानंतर अक्का तशीच मचाणाखाली येऊन उभी राहिली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल, विळा हातात.

"उजू, खाली ये गो."

"काय झालं, अक्का?"

"तुका पक्ष्यांचा कळता, आमका ओहोटीचा. ओहोट कोणासाठी थांबणा नाय. लांडगो इलो रे इलो करून आमका पळवतास नि बघूक गेला तर एक ससाणो! कायतरी कर, नायतर तो भोंगो मीच खाडयेत बुडवतलंय."

बाकीच्या बायका हसल्या. उज्ज्वला हसली नव्हती. त्या आठवड्यात तिने यंत्रणेसाठी नियम लिहिला. थवा उठण्याचं कारण शिकारी पक्षी असेल तर भोंगा वाजू नये. कारण ओळखायला यंत्राला उदाहरणं हवी होती, म्हणून तिने आपल्या नोंदवह्या दिल्या. यंत्र त्यांवर शिकलं. दुसऱ्या वर्षी भोंगा एकदाही उगाच वाजला नाही. अक्काने तिसऱ्यांचं सुकं आणून दिलं. तिसऱ्या वर्षी तोच नियम सगळ्या किनाऱ्याला लागू झाला.

त्या नोंदवह्यांत एक गोष्ट होती. छापील तक्त्यात 'थवा उठण्याचे कारण' या मथळ्याखाली तीनच रकाने होते. माणूस किंवा कुत्रा. होडी. शिकारी पक्षी. 'माहीत नाही' असा रकानाच नव्हता. कारण दिसलं नाही की उज्ज्वला ससाण्याच्या रकान्यात खूण करत असे. ससाणा कित्येकदा दिसतच नाही, सूर्याकडून येतो आणि जातो, त्यामुळे त्यात खोटं असं काही वाटलं नव्हतं. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाने तेच केलं होतं.

यंत्रही तेच शिकलं होतं.

तिने फोन लावला.

"किनारा सूचना कक्ष, प्राची बोलतेय."

"मिठेलहून उज्ज्वला तांडेल. आमचा थवा उठलाय."

"हो मॅडम, नोंद आलीय. नऊ चाळीस. कारण शिकारी पक्षी. हिरवा दिवा आहे."

"ससाणा होता इथे. पण तो शिकार करत नव्हता."

"मग बरंच आहे की," प्राची हसली.

"प्राची, तो पळत होता."

प्राची हलक्या आवाजात म्हणाली, "आज ससाण्यांचाच दिवस दिसतोय. इथे पडद्यावर सतरा खाड्यांवर ससाणा दाखवतोय."

"सतरा?"

"तुमच्या खाली दोन, बाकी सगळ्या वर."

"वेळा सांग. पहिली आणि शेवटची."

"पहिली नऊ एकोणचाळीस. शेवटची... नऊ त्रेचाळीस."

"त्या दोन खाड्यांमध्ये अंतर किती?"

"नव्वद किलोमीटर असेल. का हो?"

उज्ज्वलाने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. चार मिनिटांत नव्वद किलोमीटर. सेकंदाला पावणेचारशे मीटर. या वेगाने कुठलाही ससाणा उडत नाही. किनाऱ्याला तिरका येऊन भिडणारा आवाज मात्र याच वेगाने सरकतो.

"भोंगे वाजव," ती म्हणाली. "सतराही."

"मॅडम, हिरव्यावर मला वाजवता येत नाहीत. भूकंपाची काही नोंद नाही, हवामान स्वच्छ आहे. मी कशाच्या आधारावर..."

"नियम माझा आहे. मी तो मागे घेते."

"त्याला तक्ता भरावा लागेल. पाठवते."

पडदा उघडला. नियम मागे घेण्याचं कारण. पुन्हा तीन रकाने. चकत्यांमध्ये बिघाड. यंत्राची चूक. निरीक्षकाच्या मूळ नोंदी अविश्वसनीय. पहिल्या दोहोंना तंत्रज्ञाची तपासणी लागणार होती, दोन दिवस. तिसऱ्याला फक्त निरीक्षकाची सही.

तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं: या निरीक्षकाच्या सर्व नोंदी रद्द कराव्यात का?

"मॅडम, थांबा," प्राची घाईने म्हणाली. "हे फक्त ससाण्याचं नाही. तुमच्या सगळ्या मोजण्या जातील. एकोणीस वर्षांच्या. परत आणता येत नाहीत."

समोर दुर्बिणीत अक्का वाकलेली होती. पदर कमरेला खोचलेला, विळ्याने वाळू उकरत.

उज्ज्वलाने 'हो' दाबलं.

भोंगा वाजायला आणखी सहा मिनिटं लागली. वाजला तेव्हा मचाणाच्या फळ्या थरथरल्या. तिने दुर्बिणीला डोळा लावला.

जुव्यावरच्या बायकांनी मान वर केली. रिकाम्या आभाळाकडे पाहिलं. कोणीतरी दोन्ही हात पसरून ससाण्यासारखे हलवले, तशा बाकीच्या खो खो हसल्या. मग एकेक करून सगळ्या पुन्हा वाकल्या.

उज्ज्वलाने हाका मारल्या. वारा समुद्रावरून होता, आवाज तिच्याच तोंडावर परत आला. फोन बायका घरी ठेवून येत, खारट चिखलात ते टिकत नाहीत. धावत जुव्यावर जायचं? मधली पाण्याची चर गुडघाभर होती, पण चिखलातून पोचायला पंधरा मिनिटं. मग समजवायला दहा. अक्का विचारणार, "कसलो धोको?" आणि तिला सांगावं लागणार, माहीत नाही. परतायला पुन्हा पंधरा. किती वेळ हातात आहे, कोण जाणे. आवाजाच्या मागून जे येत होतं ते किती लांब होतं, केवढं होतं, होतं तरी का, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात अक्काने कंबर सरळ केली आणि सवयीने मचाणाकडे पाहिलं. दर थोड्या वेळाने ती तसं पाहत असे. धाकटी उन्हात बसली आहे, झेंडा वर आहे, सगळं ठीक आहे.

उज्ज्वलाला ससाणा आठवला. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. तो फक्त नको त्याच्या शेजारून पळाला होता, आणि तेवढ्यानेच तिला कळलं होतं.

तिने झेंड्याची दोरी सोडली. पिवळं कापड सर्रकन खाली आलं. दुर्बीण तिकाटण्यासकट तिने बंधाऱ्याखाली ढकलून दिली. ती चिखलात आडवी झाली, भिंग वर. मग उज्ज्वला मचाणावरून उतरली आणि बहिणीकडे पाठ करून धावत सुटली. बंधाऱ्यावरून शेताकडे, शेतातून वाडीकडे, वाडीतून सड्यावर चढणाऱ्या पाखाडीकडे. जुव्यावरून हा सगळा रस्ता दिसत होता. मागे वळून पाहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. वळलं तर पाय थांबतील. आणि थांबलेली धाकटी बघून अक्काही थांबेल.

पाखाडीच्या एकशेवीस पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर तिला वाटलं, आपण बहिणीला सोडून पळतोय, आणि समुद्राला काहीही झालेलं नाही. साठाव्या पायरीवर वाटलं, झालं असेल तर हे जास्त वाईट.

वर पोचून ती वळली.

जुवा रिकामा होता.

चरीतून बायकांची रांग येत होती, साड्या वर धरून. कोणी बंधाऱ्यावर चढत होतं. वाडीतून दारं ठोकल्याचे आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, कोणालातरी शिव्या. मुठीत खटका अजून होता. पहिली बाई पाखाडी चढून आली तेव्हा तिने कळ दाबली. दुसरी. तिसरी. वाडीतली म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, एक शेळी. तिने फक्त जुव्यावरच्या बायका मोजल्या. एकवीस.

तिने खटका शून्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. एकवीस.

"अक्का खंय?" तिने ओरडून विचारलं.

"मागसून येता," कोणीतरी धापा टाकत म्हणालं. "वाडयेतल्या बहिऱ्या भागीरथीक आणूक गेली. पण उजू, झालां काय? झेंडो कित्या काढलंस?"

पाखाडीच्या वळणावर अक्काचं डोकं दिसलं. पाठीवर भागीरथी, हातात रिकामी पाटी. वर येऊन तिने भागीरथीला जांभ्याच्या दगडावर बसवलं, पाटी तिच्या शेजारी पालथी घातली आणि धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं.

"तिसऱ्या थंयच सोडलंय," ती म्हणाली. "एकोणीस वर्सां झेंडो मधीच उतरताना बघूक नाय. तुका पळताना तर कधीच नाय. काय दिसला तुका?"

"माहीत नाही, अक्का."

आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. खाली खाडी उन्हात चमकत होती. आभाळात एक ढग नव्हता. एक तरुण सून मोठ्याने म्हणाली, "फुकट गेली ओहोट!" आणि कोणी तिला गप्प केलं नाही.

मग तीच उठून कड्यापाशी गेली. "अगो बायांनो, हय बघा! केवढी ओहोट ही!"

सगळ्या धावल्या. खाडीतलं पाणी उतरत होतं. जुव्याच्या पलीकडची खोल चर, जिच्यात होड्या चालत, ती रिकामी होत चालली होती. जन्मात कोणी न पाहिलेला तळ उघडा पडला होता, काळा, ओला, आणि त्यावर पांढरे ठिपके. तिसऱ्या. गाडीभर तिसऱ्या. चिखलात मासे उड्या मारत होते.

"चला गो, पाटयो घेवा!"

"थांबा!" उज्ज्वला ओरडली. तिचा आवाज चिरका झाला. "पाणी असं जातं तेव्हा ते परत येतं. खाली जाऊ नका!"

तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. आज एकदा त्यांनी तिचं ऐकलं होतं. दोघी पाखाडीच्या पहिल्या पायरीवर उतरल्यासुद्धा.

"पाटी पालथी आसा," अक्का म्हणाली.

ती ओरडली नाही. आपल्या पालथ्या पाटीवर जाऊन बसली, हात गुडघ्यांवर ठेवून.

"अक्का, पण एवढ्यो तिसऱ्यो..."

"मी पाटी पालथी घातलंय. आजची ओहोट सरली. जिका रीत मोडूची आसा तिने खुशाल उतरूचा, पण परत माझ्यावांगडा जुव्यार येवचा नाय."

पायरीवरच्या दोघी थबकल्या. एकीने मागे पाहिलं, मग दुसरीने. दोघी पुन्हा वर आल्या, तोंड फुगवून.

त्या वर आल्या आणि आवाज आला. आधी तो आवाज वाटलाच नाही, पायाखालचा जांभा दुधावरच्या सायीसारखा थरथरला. मग खाडीच्या तोंडाशी एक राखाडी रेघ उभी राहिली. ती फुटत नव्हती, फेसाळत नव्हती, फक्त उंच होत आत येत होती. वाळलेला सुरू तिच्यात मोडला नाही, नुसता दिसेनासा झाला. जुवा गेला. मचाण गेलं. बंधारा गेला, आणि मग वाडीतली घरं एकेक करून पाण्यात फिरायला लागली, भोवऱ्यात पान फिरावं तशी. भागीरथीला काही ऐकू येत नव्हतं, पण तिनेच सगळ्यांत आधी किंकाळी फोडली.

उज्ज्वलाने अक्काचा हात धरला होता. कधी धरला ते तिला आठवत नव्हतं.

फोन वाजला. प्राची रडत होती. "मॅडम, सतरापैकी चौदा ठिकाणची माणसं वर पोचलीत. तीन ठिकाणांचं काहीच कळत नाहीये." त्या तीन खाड्यांवरच्या नोंदी ठेवणाऱ्यांना तिनेच शिकवलं होतं.

बऱ्याच वेळाने पाणी ओसरू लागलं. वाडीत एकदोन छपरं उभी दिसली. बायका उठल्या. कोणाला शेगडी आठवली, कोणाला देवघर, कोणाला दावणीची म्हैस. "आता सरला मगो," एकजण म्हणाली. "एकदा बघून येवया."

या वेळी अक्काने उज्ज्वलाकडे मान वळवली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

"उजू, तुझे पक्षी काय म्हणतत?"

उज्ज्वलाने सड्यावर नजर फिरवली. शंभरेक पावलांवर, जांभ्याच्या उघड्या कातळावर, पाणटिवळे बसले होते. शेकडो. एकमेकांना चिकटून, सगळ्यांच्या चोची समुद्राकडे. त्यांच्यापासून चार हातांवर एका दगडावर बहिरी ससाणा बसला होता. त्याचीही नजर समुद्राकडे होती. खाली चिखल उघडा पडला होता, किड्यांनी भरलेला, भुकेल्या पक्ष्यांना हवा तसा. एकही पक्षी हलला नव्हता.

"नको, अक्का," ती म्हणाली. "ते अजून बसलेत."

अक्काने पाटी हलवून नीट बसवली आणि तिच्यावर जागा केली. उज्ज्वला तिला टेकून बसली. मुठीतला खटका तिने शून्यावर आणला, आणि ससाण्यावर नजर ठेवून वाट पाहू लागली.